निळ्या डबीतल्या गोळ्या

१

धोंडीबा तात्या बुधवारी पहाटे न्हाणीघराच्या दारात पाय घसरून पडले आणि त्यातच गेले, असं शरणालयातले सगळे दोन दिवस समजून चालले होते. वृद्धाश्रमात माणूस पडतो, दवाखान्यात जातो आणि परत येत नाही, याचं कुणाला नवल वाटत नाही. पण तात्यांचा मुलगा अमरसिंह शनिवारी राख सावडून झाल्या झाल्या तसाच ऑफिसात येऊन उभा राहिला आणि उमरग्याच्या डॉक्टरांचं बोलणं त्यानं सगळ्यांसमोर टाकलं.

"माझा बाप पडून गेला न्हाय. आधी बीपी सत्तरवर उतरलं, मग ते पडले. नाडी अडतीस होती. डॉक्टर मलाच इचारत होते, म्हाताऱ्याला किती गोळ्या चारल्या म्हणून. आता मी तुमाला इचारतो."

व्यवस्थापक रुद्रेशनं फक्त महेश्वरीकडं पाहिलं आणि तेवढं पुरलं.

महेश्वरी तेवीस वर्षांची. नर्सिंगचा कोर्स झालेली शरणालयातली ती एकटीच. दर सोमवारी चौदा म्हाताऱ्यांच्या गोळ्या सात-सात घरांच्या डब्यांत भरायचं काम तिचं. नुकतीच तिची सरकारी उपकेंद्रात निवड झाली होती, पुढच्या महिन्यात कागद तपासणार होते. रुद्रेशनं एक कोरा कागद तिच्यापुढं सरकवला.

"लिहून दे. नजरचुकीनं गोळ्या जास्त पडल्या, एवढंच. मग अमरसिंहसाहेब मोठ्या मनानं बघतील."

"उद्या दहाला येतो," अमरसिंह म्हणाला. "कागद न्हाय भेटला, तर मी ठाण्यात जाणार."

लिहून दिलं तर नोकरी गेली आणि नाही दिलं तर पोलीस, अशी पोरीची कोंडी झाली. तिनं पेन उचललं.

"सही करू नको, पोरी," दारातून आवाज आला. "दहा वाजायला अजून लई वेळ हाय."

दारात रामहरी उभे होते. वय बहात्तर, अंगात दोन स्वेटर, नाकावर दोरीनं बांधलेला चष्मा. छत्तीस वर्षं त्यांनी उमरग्याच्या एका दवाखान्यात कंपौंडरकी केली. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून इथं आले. तात्यांच्या खोलीत सात महिने त्यांची खाट होती आणि एवढ्या काळात तात्यांनी त्यांच्याकडं एकदाही काही मागितलं नव्हतं. साधं पाणीसुद्धा ते स्वतः उठून घ्यायचे. असा माणूस आपल्याशेजारून निघून जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही, याचं रामहरींना मनातून फार लागलं होतं.

२

"काका, मी चुकले असेन का हो?" औषधांच्या कपाटापाशी महेश्वरीनं विचारलं.

"ते मोजल्यावर कळंल. डब्या काढ."

तात्यांची डबी पांढरी होती. रोज सकाळी बीपीची एक बारकी गोळी, बास. सोमवारचं घर रिकामं होतं. मंगळवारच्या घरात मात्र गोळी तशीच होती, आणि पुढच्या सगळ्या घरांत एकेकच.

"ही मंगळवारची का राहिली?"

"मी मुद्दाम दिली नाही. तात्या म्हणाले, डोळ्यापुढं अंधारी येते. मी बीपी मोजलं तर वरचं नव्वद. म्हणून गोळी थांबवली, वहीत लिहिलं आणि सरांना सांगितलं, डॉक्टरांना दाखवू. सर म्हणाले, गुरुवारी डॉक्टर येणारच आहेत."

तिनं वही पुढं केली. सगळं तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं. रामहरींनी चष्मा वर सारला. रुद्रेश मघाशी हेच रिकामं न झालेलं घर दाखवून म्हणाला होता, बघा हिचा निष्काळजीपणा! पण रामहरींना ते घर उलटंच काही सांगत होतं. सोमवारी एक गोळी पोटात गेली, मंगळवारी एकही नाही. मग बुधवारी पहाटे बीपी चढायला हवं होतं, निदान तिथंच थांबायला हवं होतं. ते सत्तरपर्यंत कसं उतरलं?

"गोळी बदलली व्हती का?" त्यांनी विचारलं. रुद्रेशनं महिनाभरापूर्वी औषधाचं दुकान बदललं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"वेष्टण बदललं. औषध तेच, वजन तेच. मी डॉक्टरांना फोटो पाठवून विचारलं होतं."

रामहरींनी पट्टी उजेडात धरून बारीक अक्षरं स्वतः वाचली. पोरगी खरं बोलत होती. अशी कंपौंडर आपल्या हाताखाली असती, तर आपण रोज दुपारी निवांत झोपलो असतो, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"तू घरी कधी जातेस?"

"चारच्या बसनं. संध्याकाळच्या गोळ्या नागूबाई देतात. पण त्या मागच्या शनिवारी सकाळीच वाशीला गेल्या होत्या, नातवाच्या बारशाला. बुधवारी आल्या. मी सरांना म्हटलं होतं, तेवढे दिवस मी सातपर्यंत थांबते. ते म्हणाले, काही गरज नाही."

"मग त्या दिवसांत गोळ्या दिल्या कुणी?"

महेश्वरीला ते माहीत नव्हतं. तिनं वहीचं पुढचं पान उलटलं, आणि त्या पानावर रामहरींना असा आकडा दिसला की तात्यांचा विषय क्षणभर बाजूलाच पडला.

३

आकडा होता वरच्या बीपीचा, एकशे चौऱ्याण्णव. गुरुवारी मोजलेला. नाव, वीरभद्र आप्पा.

खोलीतली तिसरी खाट या आप्पांची. सहा फुटी गडी, आवाज असा की कुजबुजले तरी रस्त्यावर ऐकू जावं. तात्यांच्या खोकल्यावरून ते रोज कुरकुरायचे. 'ह्या म्हाताऱ्याला दुसरीकडं न्या, न्हायतर मला न्या,' असं त्यांनी महिन्याभरात दहादा तरी म्हटलं होतं. रुद्रेशनं तेही अमरसिंहाच्या कानावर घालून ठेवलं होतं. स्वतःवर काही येऊ नये म्हणून तो आता दिसेल त्याच्याकडं बोट दाखवत होता.

आप्पा डोक्याला फडकं बांधून पडले होते.

"डोकं लई ठणकतंय, कंपौंडर. चार दिस झाले."

"गोळ्या घेता न्हवं?"

आप्पा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "घेतो की."

रामहरींनी निळी डबी त्यांच्यापुढं धरली. आप्पांच्या तिन्ही गोळ्या बीपी उतरवायच्या, संध्याकाळच्या, आणि तिन्ही जबर. सोमवारपासून कालपर्यंतची घरं साफ रिकामी होती, आणि त्याआधीची शनिवार-रविवारचीही डबी भरताना महेश्वरीला रिकामीच मिळाली होती.

"ही डबी म्हणतीया, तुमी सगळ्या गोळ्या घेतल्या. तुमचं डोकं म्हणतंय, एकबी न्हाय. कुणाचं खरं धरू?"

आप्पा उठून बसले, आणि तो एवढा मोठा माणूस चोरी सापडल्यासारखा खाली बघू लागला.

"मला वाटलं, डागतरनं बंद केल्या. त्या गोळ्यांनी रोज पायाला सूज येती. गेल्या शनवारी सांजच्याला कुणी आलंच न्हाय माझ्याकडं. म्या म्हणलं बरं झालं, सुटलो. इचारलं तर परत सुरू करतील."

"चार दिवस कुणीच आलं न्हाय?"

"न्हाय. बुधवारी नागूबाई आली, तवापासनं घेतोय."

रामहरी दोन्ही डब्या मांडीवर घेऊन बसले. एकाची डबी रिकामी झाली, तरी त्याचं बीपी चढत गेलं. दुसऱ्याची गोळी थांबवली, तरी त्याचं उतरत गेलं. बारा गोळ्या निळ्या डबीतून बाहेर पडल्या होत्या आणि आप्पांच्या तोंडात गेल्या नव्हत्या. त्या कुठं गेल्या असतील, हे शाळेतल्या पोरालाही सांगता आलं असतं. पण डबीवर पांढऱ्या पट्टीवर ठळक अक्षरात नाव होतं, आणि नाव वाचून कुणी जाणूनबुजून दुसऱ्याला गोळ्या दिल्या असतील, तर ती चूक नव्हती, तो खून होता.

४

संध्याकाळी रामहरी स्वयंपाकघरात गेले. कमलबाई भाकरी थापत होती. तिला येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. सकाळी सहाला चूल पेटवायची आणि रात्रीची भांडी झाली की घरी जायचं. जेवण वाढायला दुसऱ्या बायका असल्यामुळं कोण कुठला म्हातारा, हे तिला अजून नीट ठाऊक नव्हतं.

"नागूबाई नसताना गोळ्या तुमी दिल्या का?"

"व्हय. सायबांनी सांगितलं, चार दिसांचा तर परशन हाय." तिनं तवा उतरवला. "पर म्या बराबर दिल्या हां, कंपौंडरबाबा. नागूबाईनं जाताना चांगलं दोनदोनदा सांगितलं व्हतं."

"डबीवरचं नाव वाचलं?"

कमलबाई ओशाळून हसली. "मला कुठं वाचता येतंय? रंग ध्यानात ठिवला. पिवळी पार्वतम्माला. हिरवी शांतलिंग काकाला. त्यास्नी नाव इचारून इचारून दिली. अन् निळी कोपऱ्यातल्या आप्पास्नी."

रामहरींच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"कोपऱ्यातल्या?"

"व्हय. तुमच्याच खोलीत, पल्याडच्या कोपऱ्यात. बिचारे हात जोडून घ्यायचे. अजून दुखतंय माझं काळीज त्यांच्यासाठी."

रामहरी तिथंच पाटावर बसले.

कोपऱ्यातली खाट आप्पांचीच होती, पण ती शुक्रवारपर्यंत. तात्यांची दाराशी होती. पौषातला गार वारा दाराच्या फटीतून सरळ त्यांच्या छातीवर यायचा आणि ते रात्रभर खोकायचे. आप्पांना उकाडा व्हायचा आणि लघवीला सारखं उठावं लागायचं. मागच्या शनिवारी दुपारी रामहरींनीच दोघांच्या जागा बदलून दिल्या. अंथरुणं इकडची तिकडं केली, उशा झटकल्या, तात्यांच्या अंगावर स्वतःची शाल टाकली. कुणाला सांगायचं त्यांना सुचलं नाही. दोन खाटांची अदलाबदल, त्यात सांगण्यासारखं काय होतं? संध्याकाळी ते नेहमीप्रमाणं हमरस्त्यापर्यंत फिरायला गेले. चारही संध्याकाळी ते फिरायलाच गेले होते. नाहीतर पहिल्याच दिवशी त्यांनी कमलबाईचा हात धरला असता.

भलं करायला गेलो आणि आपल्याच हातानं तात्यांना त्या डबीपुढं नेऊन बसवलं. रामहरी रडले. कमलबाई घाबरून त्यांच्याकडं बघत राहिली.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. गोळ्या कुणाकडून, कुणाला आणि कशा गेल्या, ते कळलं होतं. खून नव्हता. पण एक गाठ सुटत नव्हती. नागूबाई दोन वर्षं इथं काम करते, सगळ्यांना नावानिशी ओळखते. पार्वतम्मांचं नाव तिनं सांगितलं, शांतलिंगांचं सांगितलं. मग एका आप्पांचंच नाव का नाही सांगितलं? नाव सांगितलं असतं, तर कमलबाईनं तेही विचारून दिलं असतं, आणि तात्या आज जिवंत असते.

५

रविवारी सकाळी आठला नागूबाई आली. पन्नाशीची, कपाळ मोकळं, गळ्यात लिंग, चालताना पदर कधी ढळायचा नाही. तात्यांच्या बातमीनं तिनं दोन दिवस धड जेवण केलं नव्हतं.

रामहरींनी तीन डब्या टेबलावर मांडल्या.

"नागूबाई, तुम्हाला वाचता येतं न्हवं?"

"चौथीपत्तूर शिकले की, भाऊ."

"मग ह्या वाचून दावा बरं. माझा चष्मा आज दगा देतोय."

नागूबाईनं पिवळी उचलली. "पार्वतम्मा." हिरवी उचलली. "शांतलिंग." निळी उचलली आणि गप्प झाली. तिनं डबी खाली ठेवली, परत उचलली, पदर पुढं ओढला.

"वाचा की."

"ही... आप्पांची."

"कोणत्या आप्पांची?"

"ते आप्पा. कोपऱ्यातले." तिचा चेहरा पार उतरला होता. "भाऊ, का छळताय? तुमाला ठावं हाय कुणाची ती."

"मला ठावं हाय. कमलबाईला न्हवतं." रामहरी हळू बोलले. "तुमच्या मालकांचं नाव काय होतं, नागूबाई?"

तिनं पदराचं टोक तोंडात धरलं, आणि तेच उत्तर होतं. एकतीस वर्षांपूर्वी लग्न झालं, नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला, आणि या सगळ्या काळात तिनं ते नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत ते नेहमी दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. शरणालयात त्याच नावाचे आप्पा आले, तेव्हापासून तिच्यासाठी ते कोपऱ्यातले आप्पा झाले. दोन वर्षं त्यात कुणाचं काही बिघडलं नाही, कारण आप्पा कोपऱ्यातच होते.

"गेल्या शनवारी म्या खाटा बदलल्या," रामहरी म्हणाले. "कोपऱ्यात तात्या गेले."

नागूबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"म्हंजी म्या मारलं त्यास्नी?"

"तुम्ही एकट्यांनी न्हाय. मीबी त्यात हाय. ज्यानं वाचता न येणाऱ्या बाईला औषधाचं ताट दिलं, तोबी हाय. पर सही त्या पोरीला करायला लावतायत. दहाला अमरसिंह येणार. मी सांगून त्याला पटणार न्हाय. मी तिची बाजू घेतो, असं रुद्रेशनं त्याला आधीच सांगून ठिवलंय. तुम्ही काय सांगितलं ते तुमच्याच तोंडून यायला पाहिजे. येता का?"

नागूबाई उठून बाहेर गेली.

६

दहा वाजले तेव्हा ऑफिसात पाच माणसं होती. अमरसिंह, रुद्रेश, कागदापुढं बसलेली महेश्वरी, भिंतीला टेकलेली कमलबाई आणि रामहरी. नागूबाईचा पत्ता नव्हता.

रामहरींनी दोन्ही डब्या आणि वही पुढं ठेवून सगळं सांगितलं. आपण खाटा बदलल्या, हे पहिल्यांदा सांगितलं. रुद्रेश मध्येच म्हणाला, "काका, तुमची माया आम्हाला कळते. पण नागूबाई दोन वर्षं काम करतात. त्या नाव सांगणार नाहीत, असं होईल का?"

अमरसिंहालाही ते पटल्यासारखं दिसलं. त्यानं कागद महेश्वरीकडं ढकलला.

"न्हाय सांगितलं म्या," दारातून आवाज आला.

नागूबाई आत आली. तिचा पदर पार कपाळापर्यंत होता. अमरसिंहानं तिला आपादमस्तक पाहिलं.

"काय न्हाय सांगितलं?"

"नाव. निळ्या डबीचं. कोपऱ्यातले आप्पा म्हणलं कमलबाईला."

"कुणाची डबी ती? नाव सांगा ना!"

महेश्वरी उठून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मावशी, राहू द्या. मी सही करते." नागूबाईनं तिचा हात घट्ट धरला. एकदा ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग तिनं डोळे मिटून घेतले आणि मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, "वीरभद्र."

आणि ती हमसून हमसून रडू लागली. एकतीस वर्षं जपलेलं नाव असं परक्या पुरुषांच्या पुढं, एका मेलेल्या माणसाच्या चौकशीत तोंडातून निघालं होतं. रामहरींना तिच्याकडं बघवेना. त्यांनी मान खाली घातली.

"पोरीनं तर मंगळवारची गोळी बंद केलती," थोड्या वेळानं ते म्हणाले. "वहीत हाय. डॉक्टरला बोलवा म्हणून सांगितलं, तेबी हाय. संध्याकाळी थांबते म्हणाली, तर नको म्हणून सांगितलं गेलं. आता तुम्हीच ठरवा, सही कुणाची पाहिजे."

अमरसिंहानं वही वाचली. दोनदा वाचली. मग त्यानं रुद्रेशकडं अशा नजरेनं पाहिलं की रुद्रेशनं कोरा कागद आपणहून उचलला, खिशात घातला आणि काहीतरी पुटपुटत बाहेर गेला.

महेश्वरीनं डोळे पुसले. ती म्हणाली, "आजपासून गोळी हातावर ठेवायच्या आधी प्रत्येकानं स्वतःचं नाव स्वतः सांगायचं. डबीवर फोटो लावते. आणि बीपी रोज मोजायचं, गुरुवारची वाट बघायची नाही." कुणी विचारलं नव्हतं, पण तिला ते तेव्हाच सांगावंसं वाटलं. रामहरी फक्त मान डोलवत होते. एवढं साधं होतं, आणि ते सुचायला एक माणूस जावा लागला.

अमरसिंह जायला उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"एक सांगा, मावशी," तो कमलबाईला म्हणाला. "चार दिवस तीन तीन गोळ्या. माझ्या बापानं एकदाबी इचारलं न्हाय, ह्या कशाच्या म्हणून?"

रामहरींनी चमकून मान वर केली. कालपासून सगळ्यांना सगळं विचारलं होतं आणि नेमकं हेच विचारायचं राहिलं होतं.

"इचारलं न्हाय, दादा," कमलबाई म्हणाली. "पहिल्या दिशी मीच म्हणलं, ह्या गोळ्या आल्यात तुमच्या. तर लई खूष झाले. म्हणले, माझ्या अमरनं धाडल्या असतील. रोज हातावर घेऊन कपाळाला लावायचे अन् मगच खायचे."

अमरसिंह तिथंच उंबऱ्यावर बसला. त्याला उठवायला कुणी पुढं झालं नाही. रामहरी तेवढे हळूहळू गेले आणि त्याच्या शेजारी बसले.

"काका," तो म्हणाला, "म्या कधीच काय धाडलं न्हवतं हो."